शेवटी कोण उचलणार?

त्यांच्या घरी गेलं की पहिली अडचण बसायची. आडुतुरैच्या त्या घरात खुर्ची नव्हती, सोफा नव्हता, बाज नव्हती. होती ती पॅलेटं. फळ्या ठोकून केलेला चौरस पाट, खालून पोकळ, म्हणजे फोर्कलिफ्टचे दोन काटे आत शिरून वरच्या मालासकट तो उचलू शकतात. कारखान्यांतून, बंदरांतून असतात तशी. एकावर एक तीन रचली की बसायची जागा, पाच रचली की टेबल. पाहुणा आला की मामा विचारत, "मऊ पाहिजे की घट्ट?" मऊ म्हणजे आंब्याचं लाकूड, घट्ट म्हणजे सुरूचं. मामी आतून ओरडत, "एकादशीला मी जमिनीवर बसतें. तेवढाच पाठीला उपास."

मामा म्हणजे माझे मामा नव्हेत. कुंभकोणम् ते मायवरम्, आमच्या मराठी बोलणाऱ्या सगळ्या घरांचे ते मामा. बाकीचं गाव त्यांना 'पलगैराव' म्हणे. पलगै म्हणजे फळी. त्यांना ते नाव आवडायचं.

मी बारा वर्षं पुण्यात नोकरी केली, तिथे लिहायची मराठी शिकले, आणि बाबा गेल्यावर कुंभकोणमला परत येऊन त्यांचा पितळी समयांचा कारखाना चालवायला घेतला. चौदा माणसं, दोन भट्ट्या, एक पॉलिशची खोली. पहिली तीन वर्षं नुसती तग धरली. मग मेलबर्नहून एका बाईंची मागणी आली. त्यांचं तिथे पूजेच्या वस्तूंचं दुकान आणि मागे छोटं कोठार. पूर्ण एक कंटेनर समया, अट एकच: दिवाळीच्या आधी दुकानात. दिवाळीनंतर पोचलेली समई म्हणजे वर्षभर कपाटावर धूळ खाणारं पितळ. हा माल वेळेत गेला तर दर वर्षी कंटेनर. नाही गेला तर एक भट्टी विझवायची आणि सहा माणसांना घरी पाठवायचं, हे मी ठरवूनही टाकलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं.

समया कशावर रचून पाठवायच्या, हा प्रश्न मला प्रश्नच वाटला नव्हता. लाकडाच्या वखारीत गेले, दहा पॅलेटं दाखवा म्हटलं. त्याने दाखवली. घ्यायलाच निघाले होते, तेवढ्यात आई म्हणाली, "पलगैरावांस पुसून ये. नाहीतर ते जन्मभर बोलतील." पुसणे म्हणजे विचारणे. आमच्या तंजावरी मराठीत अजून पुसतातच.

गेले. सुरूवर बसले. म्हटलं, "मामा, दहा पॅलेटं हवीत, समयांसाठी."

"कोठें जाणार?"

"मेलबर्न."

"तिकडे शेवटीं कोण उचलणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे शेवटीं. मेलबर्नच्या त्या बाईच्या दारांत. माणूस उचलणार की यंत्र? कोणतें यंत्र? दार केवढें? वळायला जागा आहे काय?"

"ते मला काय माहीत!"

"मग पॅलेट कशाला मागतेस? जा, पुसून ये. कॉफी पिऊन जा."

असं त्यांनी मला तीनदा परत पाठवलं. पहिल्यांदा दारासाठी, दुसऱ्यांदा एका पॅलेटवर किती वजन येणार ते मी अंदाजाने सांगितलं म्हणून, आणि तिसऱ्यांदा बाईंच्या कोठारात पॅलेट जमिनीवर राहणार की लोखंडी मांडणीवर चढणार, हे माहीत नव्हतं म्हणून. तिसऱ्या खेपेला मी चांगलीच चिडले. म्हटलं, "मामा, देवाच्या दारीसुद्धा इतके प्रश्न विचारत नाहीत."

ते खूश झाले. "देवाचें काढलेंसच म्हणून सांगतों. गोविंदपुरम्‌च्या देवळांत जातेस ना? विठोबा कशावर उभा आहे?"

"विटेवर."

"जमिनीवर कां नाहीं? एवढा मोठा देव, त्यासही खालीं कांहीं लागलें. आणि वीट त्याच्या पायांएवढीच आहे. मोठी नाहीं, लहान नाहीं. तुझ्या समईचा मान कमी काय?"

मी मेलबर्नच्या बाईंना फोन करून कोठाराचा व्हिडिओ मागितला. त्यांना वाटलं मी वेडी आहे, पण पाठवला.

तो व्हिडिओ मामांनी माझ्या फोनवर अकरा वेळा पाहिला. अरुंद गल्ली, तिच्यात ट्रक थांबलेला, बाजूला दार. एक मुलगी हाताने ओढायच्या गाडीवर कसलं तरी पॅलेट घेऊन येते, दारापाशी अडकते, पॅलेट खाली ठेवते, गाडी बाहेर काढते, वळसा घालून दुसऱ्या बाजूने काटे शिरवते आणि मग आत नेते. मामा पॅलेटवरून उठून उभे राहिले. "पाहिलेंस? पाहिलेंस? येतांना ह्या बाजूनें, जातांना त्या बाजूनें! तूं घेणार होतीस तें दोनच बाजूंनी उघडें. ही पोर दारांत दोन हातांनी तुझी समई अन् समई उतरवत बसली असती! चारी बाजूंनी शिरलें पाहिजे! मामी, बाहेर ये, मेलबर्न बघ!"

मामींनी बाहेर येऊन मेलबर्न पाहिलं. म्हणाल्या, "तिच्याकडे खुर्ची आहे."

त्या दिवशी त्यांनी मला दीड तासात जे सांगितलं, ते पुढे मी कित्येकांना सांगितलं आहे. ऑस्ट्रेलियात चौरस पॅलेट चालतं, एक बाजू अकराशे पासष्ट मिलिमीटर. वीस फुटी कंटेनरात अशी बरोबर दहा बसतात, दोन-दोनच्या पाच ओळी, आणि हलायला जागा उरत नाही. प्लॅस्टिकचं हलकं, किडीची भीती नाही, पण साधं घेतलं तर पितळाचं वजन अंगावर घेऊन मांडणीवर चढलं की मध्ये वाकतं. लाकडाचं घेतलं तर भट्टीत तापवून कीड मारलेलं पाहिजे, त्यावर तसा शिक्का पाहिजे, आणि कुठेही साल राहता कामा नये. वखारवाल्याच्या पॅलेटांना शिक्का नव्हता आणि साल होती. म्हणजे ती मेलबर्नच्या बंदरातूनच परत आली असती. मी आईला मनातल्या मनात नमस्कार केला.

याचा अर्थ ते सगळ्यांना पॅलेट विकत असा नव्हे. दारासुरम्‌चा एक रेशमी साड्यांचा व्यापारी माझ्यासमोर आला होता. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की धंदा मोठा दिसायचा तर माल पॅलेटवर पाहिजे. मामांनी विचारलं, "साड्या कोठें जातात?" तो म्हणाला, चेन्नईच्या दुकानात. "कशांतून?" टेम्पोतून. "कोण उचलतो?" दोन माणसं, डोक्यावर. मामा म्हणाले, "मग त्या दोघांस जेवूं घाल. पॅलेट कशाला?" आणि त्याला कॉफी देऊन वाटेला लावलं. मामी म्हणाल्या, "गिऱ्हाईक घालवायला ह्यांस पगार मिळत असता तर आमचा बंगला झाला असता."

हे वेड आलं कुठून, ते मामींनीच एकदा सांगितलं. मामा तांदळाच्या सरकारी गोदामात होते. तिथे पोती थेट जमिनीवर ठेवत नाहीत, खाली लाकडी चौकटी घालतात, खालून वारा खेळावा म्हणून. एका पावसाळ्यात मामांनी चौकटी नीट न बघता घालू दिल्या. फळ्या आडव्या आल्या, वारा अडला, आणि थप्पी मोडली तेव्हा खालची सगळी रांग हिरवी बुरसलेली. वरून पाहणाऱ्याला काही दिसलं नव्हतं. "कोण्ही ओरडलें नाहीं, तेंच ह्यांस लागलें," मामी म्हणाल्या. तेव्हापासून मामा कुठलीही गोष्ट आधी खालून बघत. लग्नात गेले की मुहूर्तापेक्षा आधी कोठीघरात जाऊन तांदळाची पोती कशावर ठेवलीत ते बघत, आणि आचाऱ्याशी भांडत.

माझी पॅलेटं रबराच्या झाडाच्या लाकडाची ठरली. तिरुचीला तापवून, शिक्का मारून आली. शिक्क्यात एक कणसाचं चित्र असतं, ते मामांनी मला बोट फिरवून दाखवलं, आपल्या नातवाचं अक्षर दाखवावं तसं. मला वाटलं, झालं. पण मामा म्हणाले, कीड मेली आहे, लाकूड सुकलें नाहीं. ओल्या लाकडावर पितळ बंद डब्यांत महिनाभर प्रवास करणार, आंत घाम फुटणार, आणि समया काळ्या पडून उतरणार.

"मग किती दिवस सुकवायची?"

"तें लाकूड सांगेल."

त्यांनी त्याच लाकडाची एक सुटी फळी घेतली आणि भाजीच्या काट्यावर रोज सकाळी तिचं वजन करायला लागले. वजन मामींच्या कॅलेंडरवर लिहीत, दूधवाल्याच्या नोंदीच्या वर. सकाळी सातला माझा फोन वाजायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आज बारा ग्राम उतरली!" आणि फोन बंद. दुसऱ्या दिवशी, "आठ!" आमच्या पॉलिशच्या खोलीतला मुरुगेसन, बाबांच्या वेळचा मुख्य कारागीर, रोज विचारू लागला, "अक्का, फळीची तब्येत कशी?" सगळा कारखाना फळीच्या वजनावर बोलायला लागला. दहाव्या दिवशी फोन आला, "काल होती तेवढीच आज. परवां होती तेवढीच काल. आतां भर!" मी ते ऐकून स्वयंपाकघरात ओरडले. आईला वाटलं कोणाला मुलगा झाला.

आणि मग आला तो दिवस.

कंटेनर सकाळी नऊला गल्लीत लागला. फोर्कलिफ्ट अर्ध्या दिवसासाठी भाड्याने आणली होती. गाडी दोनच्या आत निघाली तरच तूतुकुडीला बंदराचं दार बंद व्हायच्या आत पोचणार होती, आणि ते जहाज चुकलं तर पुढचं जहाज दिवाळीनंतर मेलबर्नला लागणारं. मामा येणार होते, पण त्यांची टाउनबस वाटेत बंद पडली. आम्ही थांबलो नाही. दहा पॅलेटं, समयांची खोकी पट्ट्यांनी आवळलेली, एकेक करून आत गेली. बारा वाजता शेवटचं पॅलेट सरकलं आणि मुरुगेसनने शिट्टी मारली. सगळे टाळ्या वाजवत होते. मीसुद्धा.

दारं लावत होते तेवढ्यात मामा रिक्षातून उतरले. हातात त्यांची नेहमीची नळी. पोत्यात खुपसून मूठभर धान्य नमुन्याला काढायची, टोकदार, लोखंडी. गोदामातून निवृत्त होताना ती तेवढी बरोबर आणली होती, आणि काठीसारखी वागवत. ते हसत हसत आले आणि कंटेनरच्या चार हात अलीकडे थांबले. खाली वाकले. जमिनीवरून काहीतरी उचललं.

हळदीने पिवळा केलेला तांदळाचा दाणा.

"हें काय?"

आई पुढे आली. खूश होती. "अक्षता, राव. सकाळींच पूजा केली. नवीं पॅलेटं, पहिलीच बोट. हळदकुंकू लाविलें, नारळ फोडला, अक्षता घातल्या."

"कशावर घातल्या, अक्का?"

"पॅलेटांवर. दहाही पॅलेटांवर. समया चढायच्या आधीं. मग वरून झाडून घेतल्या."

त्यात चूक काय होतं? आमच्याकडे नवी सायकल आली तरी अक्षता पडतात. मी स्वतः तिथे हात जोडून उभी होते. कीड, साल, शिक्का सगळं मामांकडून दीड तास ऐकलेली बाई, आणि डोक्यात काही आलं नाही.

मामांचा आवाज कधी नव्हे इतका लहान झाला. "ऑस्ट्रेलियास तांदूळ चालत नाहीं, अक्का. एक दाणाही नाहीं. तेवढ्यासाठींच तर लाकूड भाजलें." मग एकदम मोठा झाला. "कणसाचा शिक्का मारून घेतला, आणि शिक्क्याशेजारीं खरें धान्य! काढा! दहाही काढा!"

ड्रायव्हर म्हणाला, वेळ नाही. फोर्कलिफ्टवाला कॉफी पीत होता, त्याने पेला तसाच ठेवला. मी घड्याळ बघितलं: बारा दहा. पुढे जे झालं ते मी आजही एका दमात सांगते, कारण ते झालंच एका दमात. पॅलेट बाहेर, फोर्कलिफ्टने कमरेएवढं उचललेलं, त्याच्याखाली विटांचे चार खांब, म्हणजे घसरलं तरी कोणाच्या डोक्यावर येऊ नये. मामा उकिडवे बसून खालून फळ्यांच्या फटी बघतात, नळीच्या टोकाने कोरतात, आणि मुरुगेसन पॉलिशच्या खोलीतली हवेची नळी लावून फुंकर मारतो. भुर्रकन हळद उडते. पिवळे दाणे टपटप पडतात. खाली आईने आपलं जुनं लुगडं अंथरलं होतं, अक्षता पायदळी जाऊ नयेत म्हणून. "इकडे, इकडे!" "मामा, कोपऱ्यात!" "फुंक! अजून फुंक!" मी ओल्या फडक्याने हळद पुसत होते. शेजारचा शिंपी दुकान सोडून आला आणि मोबाइलचा दिवा धरून उभा राहिला. चौदा माणसं, आई, शिंपी आणि ड्रायव्हर. होय, शेवटी ड्रायव्हरनेही लुंगी वर खोचली.

एक झालं की मामा तळहाताने फळीवर तीन थापा मारत आणि कान लावून ऐकत. मग म्हणत, "सरी." म्हणजे ठीक. आठ झाली, तेव्हा एक वाजून पंचवीस झाले होते. नववं झालं. मामांनी थाप मारली. ऐकलं. पुन्हा मारली.

"आहे."

मुरुगेसन म्हणाला, "अय्या, तीनदा फुंकलं. काही नाही."

"एक आहे."

मी वाकून पाहिलं. फट स्वच्छ. म्हटलं, "मामा, राहू द्या, अजून दहावं आहे. एका दाण्याने काय होतंय?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "मीही एकदां असेंच म्हटलें होतें," ते म्हणाले, आणि पुन्हा कान लावला.

मी हवेची नळी मुरुगेसनच्या हातातून घेतली आणि ते दाखवतील तिथे धरली. मधल्या ठोकळ्याच्या आणि फळीच्या सांध्यात, जिथे खिळ्याने लाकूड केसभर उचललं होतं. काही नाही. पुन्हा. काही नाही. मामांनी आपल्या लोखंडी नळीचं टोक घालून फळीला हलकेच ताण दिला, मी फुंकर मारली, आणि एक दाणा उडून सरळ आईच्या लुगड्यावर पडला.

जो आरडाओरडा झाला तो गावातल्या महामहम् तळ्याच्या पलीकडे गेला असेल. शिंप्याने मुरुगेसनला मिठी मारली. मामा लहान पोरासारखे दोन्ही हात वर करून गोल फिरले, मग तो दाणा उचलला, डोळ्यांना लावला आणि तोंडात टाकला. "देवाचा आहे. टाकायचा नाहीं."

दहावं झालं. सगळी परत आत. दोन वाजून पाच मिनिटांनी गाडी निघाली. ड्रायव्हरने वाटेत जेवण केलं नाही, आणि बंदराचं दार बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी फोन करून मला सांगितलं, "अक्का, आत." आई तोवर देवापाशी बसून होती. मामा तिला म्हणाले, "अक्का, पूजा करायचीच. पण त्या सुट्या फळीची कर. ती माझ्याकडे राहणार आहे." आता ती फळी आमच्या कारखान्यात असते. कंटेनर भरायच्या दिवशी तिच्यावर एवढ्या अक्षता पडतात की शेवटी त्या सुपात भरून न्याव्या लागतात.

मामा जाऊन आता दोन वर्षं झाली. मामींनी तेराव्यानंतर पहिल्याच आठवड्यात खुर्ची आणली, आणि महिन्याभरात ती शेजारच्यांना देऊन टाकली. म्हणाल्या, पाठ दुखते.

पण मला ते आठवतात ते पहिला माल पोचला त्या दिवशीचे. मेलबर्नच्या बाईंचा निरोप सकाळी आला. दिवाळीला नऊ दिवस होते. मी स्कूटर काढली आणि तडक आडुतुरै गाठलं. मामा पॅलेटवर बसून इडली खात होते. मी दारातूनच ओरडले, "मामा, पोचलं! सगळं पोचलं! एक समई काळी नाही, पुढच्या वर्षी दोन कंटेनर मागितलेत!"

"तपासलें काय त्यांनीं?"

"तपासलं. कंटेनर उघडून तपासलं."

"कसें?"

मी फोन काढून वाचून दाखवलं. बाईंनी लिहिलं होतं की तपासायला आलेला अधिकारी मोठा कडक होता. समयांकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. हातात बॅटरी घेऊन तो सरळ जमिनीवर आडवा झाला आणि पॅलेटांच्या खालून एकेक फट बघत गेला. काही सापडलं नाही.

मामांचा घास हातातच राहिला.

"आडवा झाला? जमिनीवर?"

"हो."

"स्वतः? दुसऱ्या कोण्हास नाहीं सांगटलें?"

"स्वतः."

त्यांनी घास ताटात परत ठेवला. मग आतल्या बाजूला तोंड करून मोठ्याने म्हणाले, "मामी, ऐकलेंस? तिकडेही एक पलगैराव आहे."